गच्चीवरचा जवळा

शॉर्ट फिल्म लिहायला निघालेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याकडे गोष्ट आधीच तयार असते. एका खोलीत एक माणूस आहे, त्याला फोन येतो, आणि पलीकडून बोलणारा कधीच मेलेला आहे हे शेवटच्या मिनिटाला कळतं. नाहीतर सगळं स्वप्न असतं. नाहीतर टेबलावर एक चिठ्ठी असते आणि पंखा फिरत असतो. मुलांचा हिशेब मला समजतो. एक खोली, एक नट, एक रात्र, म्हणजे खर्च आटोक्यात. पण ती खोली कुठल्या गावातली आहे, भाडं कोण घेतं, खिडकीतून कसला आवाज येतो, शेजारच्या घरात काय शिजतंय, यातलं काहीच त्या गोष्टीला ठाऊक नसतं. पैसे नाहीत म्हणून त्यांनी आजूबाजूचं सगळं जगच वगळलेलं असतं. आणि खिशात पैसे नसताना तेवढं एकच फुकट मिळण्यासारखं होतं.

मग मी त्यांना नवी मुंबईतल्या बोनकोड्यात घेऊन जाते.

कोपरखैरण्याच्या सेक्टरांमधून चालत गेलं की रस्ते सरळ असतात, चौकाचौकात आकड्यांच्या पाट्या असतात आणि इमारतींच्या मध्ये शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाने आखून दिलेलं अंतर असतं. एका वळणावर हे सगळं संपतं. रस्ता अरुंद होतो, वाकतो, आणि दोन्ही बाजूंना चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरं अंगाला अंग लावून उभी राहतात. खाली किराणा, मोबाईल रिपेअरिंग, शिंपी, पार्लर. वर खोल्या. खोल्यांमध्ये साताऱ्याचे, सोलापूरचे, उत्तर प्रदेशचे, बिहारचे भाडोत्री, आणि त्याच इमारतीच्या एखाद्या मजल्यावर आगरी घरमालक. हे गावठाण आहे. सेक्टर नंतर आले, गाव आधीपासून होतं.

ही हकिकत मुलांना सांगावीच लागते, कारण त्यांच्यातली अर्धी इथे जन्मली असूनही त्यांना ती माहीत नसते. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित व्हायला लागल्या. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी ही गावं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, जासईच्या परिसरात, पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा जीव घेतला. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. शेती गेलेल्या माणसांना उरलेल्या गावठाणात वाढत्या कुटुंबासाठी खोल्या काढाव्या लागल्या, मग भाड्यासाठी मजले चढवावे लागले. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हे शब्द इथे सरकारी कागदावरही असतात आणि चहाच्या टपरीवरही.

ऐकून मुलं लगेच म्हणतात, मॅडम, यावर फिल्म करूया. प्रकल्पग्रस्तांवर.

इथे मी त्यांना थांबवते. पंच्याण्णव गावं दहा मिनिटांत मावत नाहीत. मग केस पांढरे रंगवलेला कुणी कॉलेजातला मुलगा आजोबा होतो, बांधावर उभा राहून आपली जमीन कशी गेली ते सांगतो, मागे बासरी वाजते. त्यात भावना खरी असली तरी फिल्म नसते. शॉर्ट फिल्मला एवढ्या मोठ्या गोष्टीतला एवढासा तुकडा लागतो: कुणाला तरी आज, आत्ता, काहीतरी छोटं हवंय आणि कुणीतरी किंवा काहीतरी त्याच्या आड येतंय. त्या तुकड्यात बाकी सगळा इतिहास आपणहून उतरला पाहिजे, कुणी बोलून न दाखवता.

इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामीची पहिली फिल्म १९७० ची आहे. ‘नान ओ कूचे’, म्हणजे रोटी आणि गल्ली. दहा-अकरा मिनिटांची. एक मुलगा रोटी घेऊन घरी चाललाय, गल्लीत कुत्रा उभा आहे, मुलाला पुढे जायची भीती वाटते. बस्स. थोड्या वेळाने तो रोटीचा तुकडा कुत्र्यापुढे टाकतो, आणि कुत्रा त्याचा सोबती होऊन मागोमाग घरापर्यंत येतो. बजेट विचाराल तर एक मुलगा, एक कुत्रा, एक रोटी आणि गल्ली. तरी बघताना छाती धडधडते, कारण ती भीती आपण सगळ्यांनी अंगावर घेतलेली असते. उमेश कुलकर्णीची ‘गिरणी’ आठवा. विधवा आई पोटासाठी घरात गिरणी आणते आणि तिच्या घरघरीने मुलाचं आयुष्य नकोसं होतं. आईची गरज खरी, मुलाचा जाच खरा, आणि दोन्ही एकाच खोलीत. नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’मध्ये शाळेने मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितलाय आणि तोच पाऊस त्याच्या घराचे हाल करतोय. २०१७ च्या या लघुपटासाठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिक्षण, गरिबी, दारू यांवर त्यात कुणी भाष्य करत नाही. कागद कोरडा कसा ठेवायचा, एवढ्यातच सगळं येतं.

आपल्याकडे तर सुरुवातच अशी झालेली आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर दोन पैलवानांची कुस्ती लावून ती चित्रित केली. गोष्ट शोधायला ते फार लांब गेले नाहीत. कुस्तीत दोन माणसं असतात, दोघांनाही जिंकायचं असतं, आणि हौदाच्या बाहेर कॅमेरा न्यावा लागत नाही. पण मला त्याहून जवळची वाटते ती दादासाहेब फाळक्यांची मटाराची गोष्ट. १९११ मध्ये ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ पाहून त्यांना सिनेमाने झपाटलं. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा मांडला, आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत गेले. महिनाभराच्या खटपटीतून जेमतेम एका मिनिटाची फिल्म तयार झाली: ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर बघता बघता बी फुटायचं, कोंब वर यायचा, वेल आधार शोधत चढायचा. ती बघून सावकाराचा विश्वास बसला, आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. दादरच्या घरातली एक कुंडी, मूठभर माती आणि धीर धरणारा माणूस. आपल्या भाषेतला कमी खर्चाचा पहिला लघुपट कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी त्या कुंडीकडे बोट दाखवीन. फाळक्यांनी जे निवडलं ते घरात होतंच. त्यांनी फक्त ते बदलताना पाहिलं, आणि त्या बदलालाच गोष्ट मानलं.

बोनकोड्यात तसं काय बदलतंय, ते मला एका गच्चीवर सापडलं.

इमारत चार मजल्यांची. तिथल्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत; सगळे त्यांना आजी म्हणतात. पाऊस सरला की त्या ओला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणतात आणि गच्चीवर जुनी नायलॉनची साडी अंथरून सुकत घालतात. पूर्वी अंगण होतं, शेणाने सारवलेलं खळं होतं. मासळीही खाडीतून घरचीच यायची. आता जवळा विकत आणायचा आणि चार जिने चढून वर न्यायचा. आजी एका हाताने कठडा धरतात, दुसऱ्या हातात टोपलं असतं. वर गेल्यावर आधी बसून घेतात, मग मूठमूठ जवळा घेऊन बोटांमधून सोडतात. तो एकावर एक पडू नये, नाहीतर आतून ओला राहतो आणि वास मारतो. नीट पसरलेला जवळा सकाळी गुलबट करडा दिसतो आणि चढत्या उन्हात हळूहळू फिकट होत जातो. काळे ठिपके तेवढे उठून दिसतात, ते त्याचे डोळे.

त्याच गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहते, घाटावरची, माळकरी घरातली. तिच्या मुलाची शाळा दुपारची आहे आणि गणवेश एकच. सकाळी धुवायचा, साडेअकरापर्यंत वाळवायचा आणि इस्त्री करून अंगात घालायचा. सुक्या मासळीचा वास गणवेशाला लागतो आणि मुलगा तो घालायला तयार नसतो. झालं. एकीला जवळा वाळवायचा आहे, दुसरीला गणवेश. दोघींचंही खरं आहे.

इथवर ही साधी कुरबुर आहे, कुठल्याही इमारतीत होते तशी. गोष्ट पुढे आहे. शेजारच्या घराने मध्यंतरी आणखी एक मजला चढवला. त्यामुळे आता या गच्चीवर सकाळी फक्त अर्ध्या भागात ऊन पडतं, आणि सावलीची कड दर थोड्या वेळाने सरकत राहते. आजी साडीचं टोक धरून जवळा उन्हात ओढतात. ती बाई चिमटे काढून गणवेश दोरीवर पुढे सरकवते. पुन्हा सावली येते, पुन्हा दोघी सरकतात. कुणी कुणाशी भांडत नाही, फारसं बोलतही नाही. अर्ध्या गच्चीएवढं ऊन आणि त्यावर दोन घरांचा हक्क.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथेच टाकीला टेकून उभी होते. जमीन गेली, अंगण गेलं, मजले चढले, भाडोत्री आले, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं ऊन अडवलं: हे सगळं त्या सावलीच्या कडेत होतं, आणि ती कड चालत होती. कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि फाळक्यांसारखा धीर धरायचा. दिवे लागत नाहीत, कारण फिल्म उन्हाचीच आहे. जागा एकच, पात्रं दोन, एक मुलगा जिन्यातून हाक मारण्यापुरता. दोन सकाळी पुरतात. संवाद मोजून आठ-दहा. त्यातही जमिनीबद्दल एक शब्द नको. एखाद्या लिहिणाऱ्याला मोह होतो, आजींच्या तोंडी टाकावं की ‘आमचं केवढं अंगण होतं’. ते टाकलं की प्रेक्षक आजींच्या हातांकडे बघायचं सोडून देतो.

अशा जागा सापडायला लागल्या की मग मुलांची नजर बसते. आमच्यातल्या एकाचे वडील माथाडी आहेत, एपीएमसीच्या बाजारात. पहाटेच्या आधी भाजीच्या गाड्या लागतात, म्हणून रात्रीच घर सोडायचं, आणि परत येऊन दिवसा झोपायचं. कोपरखैरण्यात माथाडींची कितीतरी घरं आहेत. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केलं, ज्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, ती पाठीवर बोजा वाहणारी माणसं इथे राहतात, बरीचशी सातारा-सांगलीकडची. या मुलाला त्यांच्यावर काहीतरी ‘दमदार’ लिहायचं होतं. मी त्याला विचारलं, वडील दुपारी झोपलेले असतात तेव्हा घरात काय चालतं? तो म्हणाला, काही नाही, आम्ही आवाज करत नाही.

मग तो आपणच सांगायला लागला. आई कुकर लावत नाही, डाळ पातेल्यात शिजवते. बहीण दहावीला आहे, ती ओठ हलवत पाठांतर करते. भांडी खाली ठेवताना आधी कडेवर टेकवायची, मग अलगद आडवी करायची. कडी लावताना बोट मध्ये घालायचं. दारावर कुणी आलं तर वाजवायच्या आत दार उघडायचं, म्हणून कुणीतरी खिडकीशी बसून असतं. इतका मोठा बाप्या माणूस, पन्नास किलोची गोणी उचलणारा, आणि सगळं घर त्याच्या झोपेला जपतंय! त्यात धाक आहे की माया, हे त्या मुलालाही धड सांगता येईना. मला वाटतं ते ठरवता न येणं हीच त्या फिल्मची ताकद आहे, आणि त्याने ते तसंच ठेवावं.

शिवाय आवाजाचा खर्च वाचतो. कमी बजेटच्या फिल्मा चित्रामुळे क्वचितच पडतात. मोबाईलचं चित्र आता चांगलं येतं. त्या पडतात संवादाच्या रेकॉर्डिंगमुळे. बोनकोड्यासारख्या गल्लीत मोटारसायकल, पाण्याची मोटर, भोंगा, लग्नसराईत हळदीची गाणी, यांतून एक स्वच्छ वाक्य मिळवायचं तर चांगला माईक आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस लागतो. दोघेही फुकट येत नाहीत. सत्यजित राय यांनी १९६४ मध्ये ‘टू’ केली तेव्हा त्यांच्याकडून परदेशी कंपनीला इंग्रजीतली फिल्म हवी होती. त्यांनी शब्दच काढून टाकले: एक श्रीमंत घरातला मुलगा खिडकीत, एक झोपडीतला मुलगा खाली, आणि दोघांची खेळण्यांची चढाओढ. त्यांना बोलावं लागत नाही, आणि बघणाऱ्याला शब्दांची उणीव भासत नाही. माथाडीच्या घरातही कुणी बोलत नाही, कारण बोलायचं नाही हाच त्या घराचा नियम. गल्लीतला सगळा गोंगाट मग शत्रू म्हणून आपोआप गोष्टीत येतो. बाहेर भंगारवाला ओरडला की आईचा चेहरा बघायचा.

खर्चाबद्दल माझं एक ठाम मत आहे. मुलं कॅमेऱ्याच्या भाड्यात घासाघीस करतात ते चांगलंच, पण ज्यांच्या घरात शूटिंग करायचं त्यांना ‘आपलेच आहेत’ म्हणून काही देत नाहीत. हे मला पटत नाही. गच्ची दोन सकाळ अडवली तर दोन सकाळचा जवळा वाळत नाही, कपडे वाळत नाहीत. त्याची भरपाई बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहायची, जेवणाच्याही वर. आणि ज्यांच्या जगण्यातून गोष्ट उचलली, त्यांना ती लिहून झाल्यावर वाचून दाखवायची. परवानगीसाठी तर खरंच, पण आणखी एका कारणासाठी.

गच्चीच्या गोष्टीचा शेवट मी असा लिहिला होता: आजी औषध घ्यायला खाली जातात, गच्चीवर ती बाई एकटी, आणि कावळे जवळ्यावर उतरतात. हाकलायचे की नाही? तिला तर तो जवळा नकोच आहे. ती थोडा वेळ बघत राहते, मग हात उगारून कावळे उडवते. मला हा शेवट आवडला होता. मुलांनाही आवडला होता. मी आजींकडे गेले, त्यांच्या ओट्यावर बसून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “बाय, कावला येलच कसा? मी काली पिशवी बांधतंय ना.”

मला ती काळी पिशवी रोज दिसत होती. कपड्यांच्या दोरीला बांधलेली, वाऱ्यावर फडफडणारी प्लास्टिकची पिशवी. मला तो कचरा वाटला होता. कावळ्याला ती मेलेल्या कावळ्यासारखी दिसते आणि तो फिरकत नाही, हे आजींनी समजावून सांगितलं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पिशवी बांधायला दुसरी उंच जागा नाही, म्हणून ती भाडेकरणीच्या दोरीला बांधावी लागते, आणि ती काही न बोलता रोज सोडून ठेवते, कारण पिशवी गणवेशाला घासते.

कावळे आणायचे कसे, हा प्रश्न आम्हाला छळत होताच. तो तिथेच मिटला. आता गोष्ट अशी झाली आहे की आजी खाली गेल्यावर वाऱ्याने पिशवी सुटते आणि गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन पडते. ती बाई पिशवी उचलते. गणवेश अजून पुरता वाळलेला नाही. ती गणवेश थोडा बाजूला सरकवते, सावलीच्या कडेला, आणि मोकळ्या झालेल्या उन्हातल्या जागी पिशवी बांधते. गाठ घट्ट आहे ना, ते ओढून बघते. खालून मुलगा हाका मारतोय.

आजींनी हा बदल ऐकला आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. साधी गाठ वाऱ्यात टिकत नाही, कान धरून दोनदा फिरवावी लागते. ती भूमिका करणाऱ्या मुलीला आता हे शिकायचं आहे. सावलीची कड साडीपर्यंत केव्हा पोचते याची वेळ आम्ही रोज वहीत लिहितोय, कारण सूर्य रोज थोडा सरकतो आणि दोन सकाळींचं ऊन जुळलं नाही तर फिल्म तुटेल. पावसाच्या आत शूटिंग उरकायला हवं. वाऱ्यासाठी एक मुलगा भाड्याचा मोठा पंखा आणू म्हणतोय. दुसरा म्हणतोय, चौथ्या मजल्यावर संध्याकाळी वारा असतो, तेवढा एक शॉट तेव्हा घेऊ. पण संध्याकाळची सावली उलट्या बाजूला पडते, त्यामुळे बहुधा सकाळीच जाड पुठ्ठ्याने वारा घालावा लागेल, आणि पुठ्ठा धरणाऱ्याची सावली चौकटीत येणार नाही याची काळजी घ्यावी लागेल.